ब्रिगिटेचं सासर

तोक्तोसुन जन्मभर ट्रकवर होता. बिश्केकहून ओशला जाणारा किरगिझ डोंगरातला रस्ता त्याला नकाशावरून नव्हे, कमरेवरून पाठ होता. डावीकडे कळ आली की घाट लागला, उजवीकडे आली की उतार. साठी उलटली, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरीणबाईंनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि ट्रक पुतण्याकडे गेला. तेव्हापासून तो तोकमोकच्या घरात बसून होता आणि त्याची बायको झूरा अल्लाकडे एकच मागणं मागत होती : या माणसाला काहीतरी काम दे, नाहीतर मला दुसरं घर दे.

बसून राहण्याचं त्याला तेवढं दुःख नव्हतं. ऐकायला कोणी नाही याचं होतं. अवकाळी बर्फाचा कडा कोसळून ट्रक घाटात अडकला आणि मागची कलिंगडं खाऊन त्याने दिवस काढले, ही त्याची खास गोष्ट. पूर्वी लोक ती मागून ऐकायचे. आता तो नुसतं “एकदा घाटात” म्हणाला, तरी समोरचे “मग कलिंगडं” म्हणून वाक्य पुरं करायचे आणि चहा ओतून घ्यायचे.

आणि त्याच वेळी त्याच्या व्याह्यांची गोष्ट मात्र सगळे कान टवकारून ऐकत होते.

व्याही शार्शेन कालव्याच्या पलीकडे राहायचे. पाटबंधारे कचेरीत साहेब होते. निवृत्त झाल्यावरही घरात टाय लावून बसत. तोक्तोसुनची एलनुरा त्यांच्या बाकितला दिलेली. दोघं नवरा-बायको कझानला नोकरीला गेली होती, आणि इकडे दोन्ही बाप एकमेकांच्या उरावर उरले होते. मुलाचा बाप तो मुलाचा बाप. शार्शेन बोलायला लागले की वाटे, आता कालव्याला पाणी सुटणार. त्यात त्यांना संगणकावर रणगाड्यांचा खेळ खेळायचा नाद लागला. इंटरनेटवर कुठली कुठली माणसं जमतात, दोन फौजा करतात आणि एकमेकांचे रणगाडे फोडतात. प्रत्येक जेवणावळीत शार्शेनची नवी लढाई असायची.

भांडणाला तोंड फुटलं ते नवरोजच्या मेजवानीत. मेंढीचं डोकं मानाने शार्शेनपुढे ठेवलं गेलं, तिथवर ठीक होतं. ज्याच्यापुढे डोकं येतं त्याने कान कापून घरातल्या लहान पोरांना द्यायचा, अशी रीत. शार्शेनच्या एका हातात सुरी, तोंडात लढाई.

“शत्रू टेकडीमागे. मी म्हटलं, ये. ये बाळा. मी आपला गप्प. श्वाससुद्धा घेत नाही. त्याने नळी बाहेर काढली मात्र—” आणि असं म्हणता म्हणता त्यांनी मेंढीचा कान कापून शेजारच्या पसरलेल्या हातावर ठेवला.

हात तोक्तोसुनचा होता. त्याने तो रोटीसाठी पसरला होता.

कोणाच्याच लक्षात आलं नाही, हे तर आणखी वाईट. तोक्तोसुन शार्शेनपेक्षा वयाने मोठा होता. तो हातात कान घेऊन तसाच बसून राहिला, आणि समोर शत्रूचा रणगाडा फुटला तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली.

 घरच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, “मीपण घेणार.”

“काय, डोकं?” झूराने विचारलं.

“संगणक. यांच्याच खेळात यांचा रणगाडा फोडतो की नाही बघ.”

“अहो, तुम्हाला मोबाइलवर फोन घेता येत नाही. एलनुराचा फोन आला की तुम्ही तिला कापता आणि मग ती बोलत नाही म्हणून रडता.”

“ट्रकसुद्धा मी कोणाला न विचारता शिकलो.”

“आणि पहिल्याच दिवशी सासऱ्यांच्या गोठ्यात घातलात.”

दोन मेंढ्या विकून तो बाजारात गेला. तोकमोकच्या बाजारात, जिथे लोखंडी कंटेनरांचीच दुकानं केलेली आहेत, तिथे शेवटच्या ओळीत खालिचा नावाची दुंगान, म्हणजे चिनी मुसलमान, बाई जुने संगणक विकायची. जर्मनीतल्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले, मग झाडूनपुसून, जुजबी दुरुस्ती करून ट्रकने इकडे आलेले. तोक्तोसुन गेला तेव्हा ती गार आंबट शेवयांचा वाडगा मांडीवर घेऊन जेवत होती.

“कशासाठी हवाय, बाइके?” वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं ती म्हणाली.

“नातवासाठी,” तोक्तोसुन म्हणाला. गेमसाठी म्हणायची त्याला लाज वाटली.

“काय करणार नातू?”

“खेळेल. रणगाडे वगैरे.”

“वय काय त्याचं?”

तोक्तोसुन खोटं बोलण्यात कच्चा होता. “दीड वर्ष.”

खालिचाने वाडगा बाजूला ठेवला. “माशाल्ला. दात आलेत ना? हे बघा बाइके, माझ्याकडे पन्नाशीच्या पुढचा जो येतो तो नातवासाठीच घेतो. सगळ्या गावाचे नातू रणगाडे खेळतात. तुमच्या नातवाला चष्मा लागतो का, एवढं सांगा, म्हणजे पडदा मोठा देते.”

मग तिने दोन यंत्रं दाखवली. एक भलंमोठं, काळं, कोपरा चेपलेलं. दुसरं चपटं, नीटस, रुपेरी पट्टीचं. तोक्तोसुनची नजर चपट्यावर बसली. वर ते स्वस्तही होतं.

“ते नका घेऊ,” खालिचा म्हणाली. “ते कचेरीतलं. कागद लिहायला छान. गेम खेळायचा तर आत ग्राफिक्स कार्ड बसवावं लागतं, चित्रं काढणारं. त्याला जागा लागते. या मोठ्याच्या पोटात जागा आहे.”

“मेंढ्यांच्या ट्रकात मी गाई बसवून नेल्यात.”

“गाईंना दोन्ही बाजूंनी ढकलता येतं, बाइके.”

“याची ताकद किती? हॉर्सपॉवर?”

“एक घोडा. म्हातारा. पण कामसू.”

त्याने चपटंच घेतलं. घरी आणून बैठकीच्या खोलीत, रजया रचून ठेवतात त्या पेटीशेजारी मांडलं. झूरा फडकं घेऊन आली, पुसता पुसता थांबली. बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर पेनाने सुबक अक्षरात नाव.

“ब्रिगिटे,” झूराने जुळवून वाचलं. “ही कोण?”

“मला काय माहीत? कचेरीतली कोणी असेल.”

“चिठ्ठी निघत नाही.”

“राहू दे मग.”

“राहू दे कसं? दोन मेंढ्या देऊन आणलीत आणि राहू दे?” पण झूराच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि त्या दिवसापासून संगणकाला घरात ब्रिगिटेच म्हणू लागले.

ब्रिगिटे कागद लिहायला छान होती, यात शंका नाही. रणगाडा मात्र तिच्या पडद्यावर लग्नाच्या अल्बमसारखा चाले. एका फोटोत तोक्तोसुनचा रणगाडा झाडाखाली उभा, दुसऱ्या फोटोत झाड नाही, तिसऱ्या फोटोत रणगाडा जळतोय. मधे काय झालं, ते कधीच कळायचं नाही. तो परत बाजारात गेला.

“मी मरतो कधी ते मला दिसत नाही,” त्याने तक्रार केली.

“पुष्कळ जणांची तीच इच्छा असते,” खालिचा म्हणाली. मग तिला त्याची दया आली. “हे बघा. यात रॅम कमी आहे. रॅम म्हणजे जेवणाची सतरंजी समजा. सतरंजी लहान असली की पाहुणे पाळीपाळीने बसवावे लागतात, आणि पाळीत वेळ जातो. मी सतरंजी वाढवते. आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालते. म्हणजे वाढपी तरणा होईल.”

सतरंजी वाढली, वाढपी तरणा झाला. ब्रिगिटे बटण दाबताच उठू लागली. झूराला ते आवडलं नाही. “मला उठायला वेळ लागतो तर बोलता, हिला मात्र नवं काळीज,” ती म्हणाली. पण लढाईचे फोटो फोटोच राहिले, फक्त आता भराभर येत.

आता ग्राफिक्स कार्ड. खालिचाने सांगितलं, चपट्या यंत्राला बुटकं कार्ड लागतं, तसं माझ्याकडे आलं की कळवते. पण थांबणं तोक्तोसुनच्या रक्तात नव्हतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला एकजण भेटला. त्याच्या डिकीत भाकऱ्यांसारखी एकावर एक रचलेली मोठमोठी कार्डं होती.

“खाणीतली आहेत,” तो माणूस म्हणाला. “म्हणून स्वस्त.”

“कोळशाच्या खाणीत चित्रांचं कार्ड कशाला?”

“कोळशाच्या नाही हो. इंटरनेटवर पैसे खणून काढतात ना, त्या खाणीतली. दिवसरात्र राबलीत.”

तोक्तोसुनने एक कार्ड हातात घेतलं. दोन पंखे, वजन विटेएवढं. दिवसरात्र राबून शेवटी डिकीत येऊन पडलेलं. त्याला एकदम त्याच्याबद्दल जवळीक वाटली आणि त्याने ते घेऊन टाकलं.

घरी ब्रिगिटेचं झाकण उघडलं. कार्ड खाचेत बसलं, पण अर्धं बाहेर राहिलं, लहान पोराने बापाचा कोट घालावा तसं. झाकण लागेना. तोक्तोसुनने जरा विचार केला, मग शेडमधून ग्राइंडर आणला. अंगणात ठिणग्या उडाल्या, कोंबड्या छपरावर गेल्या आणि झाकणाला खिडकी पडली. कार्डाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बटण दाबलं, तर ब्रिगिटे एकदा खोकली आणि गप्प झाली.

खालिचाला त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. ती इतकी हसली, की शेवया नाकात गेल्या. शेजारच्या दुकानातून माणूस पाणी घेऊन धावत आला, फोटो बघून तोही भिंतीला टेकला.

“बाइके,” डोळे पुसत ती म्हणाली, “तुम्ही ट्रकचं छत कापून त्यात उंट उभा केलात. उंटाला चाराही लागतो. आतला पॉवर सप्लाय एवढ्या कार्डाला पुरायचा नाही. हा दुसरा घ्या, कार्डापुरता. आत मावणार नाही, बाहेरच ठेवायचा. आधी हा चालू करायचा, मग ती.”

“म्हणजे आधी हीटर, मग इंजिन.”

“आता कसं! आणि तारांना हात लावू नका. नातवालाही लावू देऊ नका.”

असं होत होत ब्रिगिटे तयार झाली. कापलेल्या झाकणातून कार्ड वर आलेलं, बाजूला पॉवर सप्लाय फळ्यांच्या चौकटीत बांधलेला, आणि सगळं तापतं म्हणून समोर टेबलफॅन. बघणाऱ्याला वाटावं, इस्पितळात कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय. आणि एक अट : ब्रिगिटे चालू असताना विजेची किटली लावली तर अख्ख्या घराचा फ्यूज उडे.

“चहा की लढाई, काय ते एक सांगा,” झूरा दारातून विचारी.

पण रणगाडा चालू लागला. गवत हलताना दिसू लागलं. पहिल्यांदा पडद्यावर डोंगरातली वाट उलगडली, तेव्हा तोक्तोसुनचे डोळे, ऑपरेशन झालेला आणि न झालेला दोन्ही, भरून आले. आणि तो ती वाट असा चढला, की बघत राहावं. वळणावर वेग कमी, चढाला दम राखून, समोरून कोणी आलं तर बाजू देऊन. बाजू दिलेला शत्रू वळून त्याला गोळी घाली, तो भाग वेगळा. कानातल्या हेडफोनमधून त्याच्या बाजूची पोरं त्याच्या आई-बापांचा उद्धार करीत. तो सगळ्यांना “सलाम, बाळांनो” म्हणे.

नेम मात्र त्याला जमेना. उजव्या डोळ्याला दूरचा ठिपका दिसेना, आणि चुकून दिसलाच तर तो आपल्याच बाजूचा असे. तरी त्याला वाटलं, आता पुरे झाली तयारी. त्याने शार्शेनला फोन लावला.

“कुदा,” तो म्हणाला. व्याही व्याह्याला असंच म्हणतो, रागात असला तरी. “मीपण रणगाडा घेतलाय. तुम्ही तुमच्या घरून या, मी माझ्या घरून येतो. होऊन जाऊ दे.”

पलीकडून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग शार्शेन म्हणाले, “वा, वा. अभिनंदन. पण आज जमायचं नाही. दाढ दुखतेय.”

पुढच्या वेळी इंटरनेट गेलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी मयतीला जायचं होतं. मग दुसरी दाढ. तोक्तोसुन खूष. “घाबरला,” तो झूराला म्हणाला. “साहेब घाबरला. आता मी त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून वेळ ठरवून घेतो. पळायला जागाच ठेवत नाही.”

“रिकाम्या हाताने व्याह्यांकडे जाऊ नका,” झूरा म्हणाली आणि तळलेल्या बोरसोकांची परडी त्याच्या हातात दिली. लढाईचं आव्हान द्यायला तो असा पाव-गोळ्यांची परडी घेऊन कालवा ओलांडून गेला.

शार्शेन बाहेर गेले होते. विहीणबाई बातमाने त्याला बैठकीत बसवलं. कोपऱ्यात टेबलावर संगणक होता. मोठा काळा, तोक्तोसुनने नाकारला त्याच्यासारखाच, वर भरतकामाचा रुमाल घातलेला. बातमा चहाचं आधण ठेवून आली, रुमाल उचलला, संगणकाची बाजूची पत्र्याची झडप सरकवली आणि आतून दोन कांदे काढले.

तोक्तोसुनने डोळे चोळले. “विहीणबाई, ते काय?”

“कांदे,” बातमा म्हणाली. “कांद्याच्या घडीच्या पोळ्या करते तुमच्यासाठी. यात ठेवले की मोड येत नाहीत. सगळीकडून भोकं आहेत ना.”

“पण मग संगणक?”

“तो कधीच गेला! हिवाळ्यात वीज अशी उसळली, की धूर निघाला आतून. आतलं सगळं काढून टाकलं. हे म्हणाले, डबा तरी राहू दे, लोक येतात जातात.” आणि मग तिला आठवलं की हे सांगायचं नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला. हातात कांदा असल्याने तो नाकाला लागला.

नेमके त्याच वेळी शार्शेन दारात उभे होते. टाय लावलेला. एक नजर व्याह्यांकडे, एक उघड्या झडपेकडे.

 तोक्तोसुन म्हणाला, “कुदा, कांदे चांगले आहेत.”

“हवा खेळती राहते,” शार्शेन म्हणाले.

आणि मग ते खाली बसले. असे बसले, की तोक्तोसुनला ट्रक बंद पडल्यावर रस्त्याकडेला बसणारे ड्रायव्हर आठवले. बातमा कांदे घेऊन हळूच आत गेली.

तोक्तोसुनच्या हातात आता सगळं होतं. पुढच्या मेजवानीत नुसतं “कांदे” म्हणाला असता तरी शार्शेनची सगळी लढाई तिथे संपली असती. येताना त्याने वाटेत पुष्कळ टोमणे जुळवून ठेवले होते. त्यातले काही तर फार सुरेख होते. पण तोंडातून निघालं भलतंच.

“मग त्या टेकडीमागच्या शत्रूची गोष्ट?”

“मोबाइलवर एक पोरगा खेळताना दाखवतो. त्याची आहे.” शार्शेन टायची गाठ सैल करत म्हणाले. “आधीच्या माझ्या होत्या. खरंच माझ्या होत्या. मग हे जळलं. मग जेवायला गेलो, तर सगळे विचारायला लागले, काल काय झालं, काल काय झालं. कुदा, मी कचेरीत होतो तेव्हा माणसं पाण्यासाठी माझ्या दारात उभी राहायची. नंतर वर्षानुवर्षं मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी काय सांगणार होतो? पाटाची दारं कशी उघडतात ते?”

“सांगा की.”

“सांगितलं होतं. सगळे झोपले.”

तोक्तोसुनला हसू आलं. त्याने आवरायचा प्रयत्न केला, पण खोकल्यासारखं बाहेर पडलंच. “माझ्याही कलिंगडांना झोपतात.”

“माहीत आहे,” शार्शेन म्हणाले. “मीही झोपतो.”

“आणि नवरोजला तुम्ही मेंढीचा कान माझ्या हातावर ठेवलात.”

“तुमच्या?” शार्शेन खरोखर दचकले. “मला वाटलं, बाकितच्या मामाचा धाकटा! अरेरे. कुदा, मोठ्या माणसाला कान? मग तुम्ही काय केलंत?”

“खाल्ला. काय करणार?”

दोघंही इतके हसले, की बातमा आतून बघायला आली. हसणं संपल्यावर तोक्तोसुन उठला आणि त्या काळ्या डब्यात डोकं घालून बघू लागला. आत ऐसपैस जागा होती. कांद्याची टरफलं सोडली तर काहीच नव्हतं.

“कुदा,” तो आतूनच म्हणाला, “माझी ब्रिगिटे म्हणजे आतडी बाहेर आलेली बाई आहे. तिला घर नाही. तुमच्याकडे घर आहे, आत बाई नाही.”

“म्हणजे सोयरीकच म्हणा.”

“दुसऱ्यांदा व्याही व्हायचं.”

पण सोयरीक म्हटली की शार्शेनमधला मुलाचा बाप जागा झाला. “मग रीतीप्रमाणे मुलगी सासरी यायला हवी. घर आमचं. यंत्र इथेच राहील.”

“काय म्हणून? माझ्या दोन मेंढ्या गेल्यात! तुमचा डबा येईल माझ्याकडे, घरजावई म्हणून.”

“घरजावई?” शार्शेन उभे राहिले. किरगिझांत घरजावयाला कुत्रा-जावई म्हणतात, तेव्हा शब्द साधा नव्हता. “आमच्या घरातून आजवर कोणी गेलेला नाही!”

“तुमचा बाकित कझानला माझ्या एलनुराच्या मामेबहिणीकडेच राहतो ना?”

निकाल बातमाने लावला. “घेऊन जा हो तो डबा,” ती परातीतला कांदा चिरत म्हणाली. “हे खुर्चीत बसून दिवसभर त्याच्याकडे बघत असतात. घरात मयत असल्यासारखं वाटतं. मी कांद्यांना टोपली घेईन.”

वरात खालिचाकडे गेली. एका म्हाताऱ्याच्या बगलेत खिडकी पाडलेली ब्रिगिटे, दुसऱ्याच्या डोक्यावर काळा डबा. खालिचाने दोन्हींकडे पाहून आधीच सांगितलं, की हे बसणार नाही. कचेरीतल्या यंत्राचा मदरबोर्ड वेगळ्या मापाचा, स्क्रूची भोकं जुळत नाहीत. मग दोन भोकं जुळली. उरलेल्या ठिकाणी तोक्तोसुनने लाकडाचे ठोकळे तासून दिले आणि शार्शेनने टायची पिन काढून तारा एकीकडे बांधल्या. खालिचा मधेच म्हणाली, हे चालू झालं तर मी पुढच्या वेळी पैसे घेणार नाही. चालू झाल्यावर ती म्हणाली, असं मी म्हटलंच नव्हतं.

तोक्तोसुनच्या बैठकीत पडद्यासमोर दोन स्टुलं लागली. पहिल्या दिवशी ठरलं, पाळीपाळीने खेळायचं. पण शार्शेन खेळायला बसले तेव्हा तोक्तोसुनला बघवेना. माणूस नेमाचा पक्का, पण चालवायला कालव्याचाच साहेब. जिथे पाणी दिसेल तिथे रणगाडा घेऊन जाई आणि बुडवी.

“डावीकडे! डावीकडे घ्या! गिअर कमी करा, चढ आहे!”

“इथे गिअर नाहीये, कुदा!”

“तरी कमी करा! सरका, द्या इकडे.” आणि तोक्तोसुनने डाव्या बाजूने हात घालून बटणं आपल्या ताब्यात घेतली. माउस शार्शेनच्याच हातात राहिला.

रणगाडा डोंगरवाटेने वर चढला, पाण्यासारखा. वळणापाशी खडकाआड थांबला. तोक्तोसुनने आयुष्यात किती वळणांवर असं थांबून समोरच्याचा अंदाज घेतला होता. “आता येईल,” तो हळूच म्हणाला. “मला आवाजावरून कळतंय. थांबा. थांबा. मी जरा पुढे होतो, तुम्ही मारा, मी लगेच मागे घेतो.”

“श्वास घेऊ नका,” शार्शेन म्हणाले. “पडदा हलतो.”

पुढे झाले, गोळी सुटली, मागे आले. खडकापलीकडे काहीतरी फुटलं. हेडफोनचा एक कान एकाच्या, दुसरा दुसऱ्याच्या कानाला लावलेला, त्यातून कुठलासा पोरगा रशियनमध्ये ओरडला, “शाब्बास रे! कोण आहेस तू?”

“व्याही!” दोघं एकदम म्हणाले.

मग तो रणगाडा कोणी फोडला यावरून एवढा वाद झाला, की पुढच्या दोन गोळ्या त्यांनाच लागल्या. शार्शेन म्हणत, गोळी माझी. तोक्तोसुन म्हणे, गोळी घेऊन कोण गेलं तिथपर्यंत? झूराने दोघांपुढे आयरानचे, म्हणजे घट्ट ताकाचे, वाडगे आपटले तेव्हा ते गप्प झाले, पिऊन झाल्यावर पुन्हा सुरू झाले.

आता आठवड्यातून तीन-चार वेळा शार्शेन कालवा ओलांडून येतात, टाय लावूनच. बातमाही येते; ती आणि झूरा आत बसून नवऱ्यांची नक्कल करतात, आणि त्यांचं हसू बाहेरच्या तोफांवरून ऐकू येतं. मेजवानीत लढाईची गोष्ट आता दोघं मिळून सांगतात, म्हणजे एक सांगतो आणि दुसरा त्याला खोडतो. लोकांना ते आधीपेक्षा आवडतं.

मागच्या महिन्यात एलनुराचा कझानहून फोन आला. तोक्तोसुनने तो न कापता घेतला. तिच्या शेजारी बाकित होता, मांडीवर पोर.

“बाबा, आम्ही ठरवलंय,” एलनुरा म्हणाली. “बाकितला बढती मिळाली. एकाच संगणकावर दोघांची किती ओढाताण होते, ते आई सांगत होती. सासऱ्यांना एक नवाकोरा घेऊन पाठवतो. म्हणजे तुम्ही तुमच्या घरी, ते त्यांच्या घरी, आरामात.”

शेजारच्या स्टुलावर शार्शेनने माउस सोडला. शार्शेनने तोक्तोसुनकडे पाहिलं. तोक्तोसुनने शार्शेनकडे पाहिलं.

“आमच्याकडे विजेचा फार भरवसा नाही,” शार्शेन फोनकडे वाकून घाईघाईने म्हणाले.

“आणि टेबल नाही,” तोक्तोसुन म्हणाला.

“टेबल आहे ना, बाबा,” बाकित पलीकडून म्हणाला. “माझंच होतं.”

“त्याचा पाय मोडलाय,” शार्शेन म्हणाले. “पोराला बूट घ्या. थंडी येतेय. ठेवतो आता, इथे आमची घाई आहे, डावीकडून तिघं येताहेत.”